डेस्कटॉपसाठी रॅम निवडताना: बसते ती सगळी चालतेच असं नाही

सर्व्हरमधली डीडीआर४ पिढीची रजिस्टर्ड स्टिक, म्हणजे सिग्नल सांभाळणारी जादा चिप असलेली रॅम, साध्या डेस्कटॉप बोर्डाच्या स्लॉटमध्ये अगदी नीट बसते. खटकेही लागतात. मशिन मात्र पडद्यावर काहीच दाखवत नाही. याच्या उलट प्रकारही नेहमीचा आहे: डब्यावर ७२०० चा वेग लिहिलेलं किट बसतं, चालूही होतं, पण ४८०० किंवा ५६०० वरच धावत राहतं आणि मालकाला वर्षभर पत्ता लागत नाही. या दोन्हींतून वाचायचं तर निवडीचा क्रम पक्का ठेवा: आधी प्रोसेसर, मग मदरबोर्ड, आणि शेवटी रॅम. स्वस्तात मिळालेली रॅम आधी घेऊन तिच्याभोवती मशिन जुळवायला निघालात, तर तडजोडी करत बसावं लागतं.

पिढी ठरवतो सॉकेट

मेमरी कंट्रोलर, म्हणजे रॅम हाताळणारा भाग, आता प्रोसेसरच्या आतच असतो. त्यामुळे कोणती पिढी चालणार हे प्रोसेसर सांगतो, आणि त्यातली कोणती वापरायची हे बोर्डावरचे स्लॉट.

एएमडीच्या बाजूला हे सोपं आहे. एएम४ सॉकेट, म्हणजे रायझन १००० ते ५००० मालिका, फक्त डीडीआर४. एएम५, म्हणजे रायझन ७०००, ८००० आणि ९०००, फक्त डीडीआर५. इंटेलचा एलजीए १२०० (दहावी आणि अकरावी पिढी) डीडीआर४ घेतो, आणि कोअर अल्ट्रा २०० मालिकेचा एलजीए १८५१ डीडीआर५. घोळ होतो तो मधल्या एलजीए १७०० मध्ये. बाराव्या, तेराव्या आणि चौदाव्या पिढीचे प्रोसेसर दोन्ही पिढ्यांची रॅम चालवू शकतात, पण बोर्ड सहसा एकाच पिढीचे स्लॉट घेऊन येतो. एकाच नावाचा बी६६० किंवा बी७६० बोर्ड दोन रूपांत विकला जातो आणि फरक असतो तो नावाच्या शेवटच्या ‘डी४’ किंवा ‘डीडीआर४’ एवढ्या शेपटाचा. ऑर्डर देण्याआधी हे शेपूट दोनदा वाचा.

डीडीआर४ आणि डीडीआर५ दोन्हींना २८८ पिना असतात, पण खाच वेगळ्या जागी असते. त्यामुळे एकीची स्टिक दुसरीच्या स्लॉटमध्ये बसत नाही. जोर लावला तर स्लॉट फुटेल, एवढंच. आतली वीजरचनाही वेगळी आहे. डीडीआर४ ला १.२ व्होल्ट बोर्डाकडून मिळतात. डीडीआर५ चं मूळ व्होल्टेज १.१ आहे आणि ते तयार करणारी चिप स्टिकवरच असते.

स्टिकचा प्रकार: लेबलावरचं एक अक्षर

साध्या डेस्कटॉपला लागते ती अनबफर्ड (ती जादा चिप नसलेली), नॉन-ईसीसी (डेटातल्या चुका दुरुस्त करण्याची सोय नसलेली), पूर्ण लांबीची स्टिक, म्हणजे यूडीआयएमएम. लॅपटॉपची एसओ-डीआयएमएम जवळजवळ निम्म्या लांबीची असते, त्यामुळे तिथे चूक सहसा होत नाही. मात्र काही अगदी लहान बोर्डांना आणि मिनी पीसींना एसओ-डीआयएमएमच लागते, ते तपशीलपत्रात पाहून घ्या.

वापरलेली रॅम घेताना खरा धोका सर्व्हरच्या स्टिकचा. त्या भरपूर जीबीच्या असतात आणि संशय यावा इतक्या स्वस्त मिळतात. डीडीआर४ च्या लेबलावर साधारण अशी ओळ छापलेली असते: ‘८जीबी १आरएक्स८ पीसी४-२४००टी-यूए२-११’. यात ‘२४००टी’ नंतरच्या गटाचं पहिलं अक्षर बघा. इथे ते ‘यू’ आहे, म्हणजे अनबफर्ड, हीच हवी. ‘आर’ असेल तर रजिस्टर्ड, ‘एल’ असेल तर लोड-रिड्यूस्ड. या दोन्ही साध्या बोर्डावर चालत नाहीत. ‘एस’ म्हणजे लॅपटॉपची. ‘ई’ म्हणजे अनबफर्ड पण ईसीसी. ही शेवटची बऱ्याच बोर्डांवर चालते, पण चुका दुरुस्त करण्याचं तिचं काम प्रोसेसर आणि बोर्ड दोघांनीही पाठिंबा दिला तरच सुरू होतं; नाहीतर ती साध्या रॅमसारखी वागते. डीडीआर५ मध्ये रजिस्टर्ड स्टिकची खाचच वेगळी ठेवली आहे आणि वीजही वेगळ्या व्होल्टेजने येते, त्यामुळे ती बसतच नाही.

डीडीआर५ च्या जाहिरातीत ‘ऑन-डाय ईसीसी’ वाचून भुलू नका. ती सोय चिपच्या आतल्या चुका सावरते. स्टिकपासून प्रोसेसरपर्यंतच्या वाटेत बिघडलेला डेटा तिला दिसत नाही. खऱ्या ईसीसीची जागा ती घेत नाही.

डब्यावरचा वेग आणि हमीचा वेग

डब्यावरचा मोठा आकडा हा बहुतेक वेळा ओव्हरक्लॉकचा, म्हणजे प्रमाणित वेगाच्या वर ताणलेला, असतो. स्टिकवरच्या छोट्या चिपमध्ये दोन प्रकारची माहिती साठवलेली असते: एक, प्रमाणित संथ वेग, ज्यावर कुठलाही योग्य बोर्ड सुरू होतो, दोन, उत्पादकाने चाचणी घेतलेली वेगवान प्रोफाइल. ही प्रोफाइल इंटेलच्या पद्धतीत एक्सएमपी आणि एएमडीच्या पद्धतीत एक्स्पो म्हणून ओळखली जाते. ती बायोसमध्ये (बोर्डाच्या मूळ सेटिंगच्या पडद्यावर) जाऊन स्वतः चालू करावी लागते. ती तुमच्या प्रोसेसरवर चालेलच याची हमी प्रोसेसर बनवणारा देत नाही.

प्रोसेसरचे अधिकृत आकडे असे: रायझन ३००० आणि ५००० साठी डीडीआर४-३२००, रायझन ७००० साठी डीडीआर५-५२००, रायझन ९००० साठी ५६००. इंटेलची बारावी पिढी डीडीआर५-४८०० किंवा डीडीआर४-३२००. तेराव्या-चौदाव्या पिढीतले वरचे प्रोसेसर डीडीआर५-५६००. हे सगळे आकडे दोन स्टिकसाठी आहेत. चार लावल्या की ते खाली येतात, आणि थोडेथोडके नाही: रायझन ७००० आणि ९००० वर चार स्टिकसाठी अधिकृत वेग ३६०० वर उतरतो.

या अधिकृत आकड्यांच्या वर किती जावं? एएम४ वर ३६०० ही चांगली जागा आहे, कारण तिथे प्रोसेसरच्या आतलं फॅब्रिक (त्याचे भाग जोडणारा दुवा) १८०० वर रॅमशी एकास एक ताल धरतं. रायझन ५००० चे बहुतेक प्रोसेसर हे सहज करतात. पहिल्या-दुसऱ्या मालिकेच्या रायझनकडून ती अपेक्षा नको, तिथे ३२०० देखील कधीकधी खळखळ करते. एएम५ वर ६००० सीएल३० एक्स्पो घ्या (सीएल म्हणजे मागितलेला डेटा यायला लागणारी चक्रं, त्याचा हिशेब पुढे आहे) आणि पुढचा विचार सोडा. त्याहून खूप वर गेलात की मेमरी कंट्रोलर निम्म्या वेगावर जातो, आणि जास्त पैसे मोजून मिळालेला फायदा तिथेच विरतो. एलजीए १७०० वर डीडीआर४ असेल तर ३२०० निर्धास्त. ३६०० नावात ‘के’ अक्षर असलेल्या प्रोसेसरवर बहुधा चालते, ‘के’ नसलेल्यांवर एक व्होल्टेज कुलूपबंद असल्याने अडू शकते.

बोर्डाचा चिपसेटही बघा. इंटेलच्या एच६१० वर मेमरी ओव्हरक्लॉक होत नाही. तिथे ६४०० चं किट लावलंत तरी ते प्रोसेसरच्या अधिकृत वेगालाच अडकणार. अशा बोर्डासाठी साधी, त्या वेगाची रॅम घ्या आणि उरलेले पैसे एसएसडीवर घाला.

आता सीएल. हा आकडा एकटा वाचला तर फसवतो, कारण तो वेळ सांगत नाही, चक्रं सांगतो. खरी वेळ काढायला सीएलला २००० ने गुणा आणि वेगाच्या आकड्याने भागा. ३२०० सीएल१६ म्हणजे १० नॅनोसेकंद. ६००० सीएल३० म्हणजेही १० नॅनोसेकंद. ५६०० सीएल४६ म्हणजे १६.४, ६००० सीएल४० म्हणजे १३.३. म्हणून ‘डीडीआर५ चा सीएल जास्त, म्हणजे ती संथ’ हा समज चुकीचा, आणि ‘दोन्ही ६०००, म्हणजे सारखीच’ हाही.

एकाच वेगाची दोन-तीन नावं असतात त्यानेही गडबड होते. पीसी४-२५६०० म्हणजेच डीडीआर४-३२००. पीसी५-४८००० म्हणजेच डीडीआर५-६०००. मोठ्या आकड्याला आठने भागा. आणि सीपीयू-झेड या मशिनची माहिती दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये १६०० मेगाहर्ट्झ दिसले म्हणून घाबरू नका: दर चक्राला दोनदा डेटा जातो, तेव्हा ३२०० च्या रॅमला तिथे १६०० च दिसायला हवेत.

दोन स्टिकचं एकच किट

सगळ्या सल्ल्यांतला एकच पाळायचा असेल तर हा: हवी तेवढी मेमरी एका डब्यातल्या दोन स्टिकमध्ये घ्या. ३२ जीबी हवी असेल तर १६-१६ चं किट, ६४ हवी असेल तर ३२-३२ चं.

एकच स्टिक लावली तर प्रोसेसर आणि रॅममधल्या डेटाच्या दोन वाटांपैकी, म्हणजे वाहिन्यांपैकी, एक रिकामी राहते. डीडीआर४-३२०० ची एक वाहिनी सेकंदाला २५.६ जीबी वाहून नेते, दोन मिळून ५१.२. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलेल्या मशिनमध्ये, उदाहरणार्थ ‘जी’ मालिकेच्या रायझनवर, हा फरक खेळांत लगेच जाणवतो, कारण ग्राफिक्सही त्याच रॅमवर जगतं.

उलट, ‘आत्ता दोन घेतो, पुढे आणखी दोन तशाच घेईन’ ही योजना कागदावरच छान दिसते. बहुतेक डेस्कटॉप प्रोसेसरना वाहिन्या दोनच. चार स्लॉट म्हणजे प्रत्येक वाहिनीवर दोन-दोन स्टिकचं ओझं. डीडीआर५ वर या ओझ्याने एक्स्पो किंवा एक्सएमपी चालत नाही असं वारंवार घडतं. शिवाय ‘तशाच’ स्टिक मिळतीलच असं नाही. एकाच मॉडेल क्रमांकाखाली उत्पादक काही महिन्यांनी आतल्या चिप बदलतात: आधी हायनिक्सच्या, नंतर सॅमसंग किंवा मायक्रॉनच्या. बाहेरून रंगही तोच असतो आणि हीटसिंकही. कॉर्सेअर आपल्या लेबलावर आवृत्तीचा क्रमांक छापते, त्यावरून आत बदल झाला का ते कळतं. बाकी ठिकाणी अंदाजच.

मॉडेल क्रमांक पूर्ण वाचायची सवय लावा, कारण तिथे सगळं लिहिलेलं असतं. किंग्स्टनचा ‘केएफ५६०सी३६बीबीईके२-३२’ घ्या. ‘केएफ’ म्हणजे फ्युरी मालिका, ‘५’ म्हणजे डीडीआर५, ‘६०’ म्हणजे ६०००, ‘सी३६’ म्हणजे सीएल३६. ‘ई’ म्हणजे एक्स्पो प्रोफाइल आहे. ‘के२’ म्हणजे दोन स्टिकचं किट, आणि शेवटचे ‘३२’ म्हणजे दोन्ही मिळून ३२ जीबी, प्रत्येकी नव्हे. एवढ्यातलं ‘ई’ गळलं तर एक्स्पो नसलेलं भावंड हातात येतं. तेही एएमडीच्या बोर्डावर बहुधा चालेल, पण त्याची प्रोफाइल इंटेलच्या हिशेबाने लिहिलेली असते.

रँक आणि जीबीचे विचित्र आकडे

‘१आरएक्स८’ म्हणजे एक रँक (एकत्र काम करणाऱ्या चिपचा एक गट), आठ-आठ बिटांच्या चिप. ‘२आरएक्स८’ म्हणजे दोन रँक. दोन रँकची स्टिक त्याच वेगावर किंचित जास्त काम काढते, पण कंट्रोलरवर भारही जास्त टाकते. डीडीआर५ मध्ये १६ जीबीची स्टिक सहसा एका रँकची आणि ३२ जीबीची दोन रँकची असते, त्यामुळे ३२-३२ चं किट खूप चढ्या वेगावर टिकवणं १६-१६ पेक्षा अवघड जातं.

८ जीबीची डीडीआर५ स्टिक मात्र टाळाच. ती बहुधा ‘१आरएक्स१६’ असते: चारच चिप, आणि आतल्या बँक गटांची संख्या निम्मी. दोन लावून १६ जीबी केले तरी १६-१६ च्या किटपेक्षा ती मागे पडते.

२४ आणि ४८ जीबीच्या स्टिक २४ गिगाबिटच्या चिपवर बनतात. चालतात छान, पण बोर्डाचं बायोस जुनं असेल तर मशिन उठतच नाही. अशा वेळी बायोस फ्लॅशबॅकची सोय असलेला बोर्ड उपयोगी पडतो: फॅट३२ केलेल्या पेनड्राइव्हवर फाइल टाकून, रॅम किंवा प्रोसेसर न लावताही बायोस बदलता येतं.

बोर्डाची यादी कशी वाचावी

प्रत्येक उत्पादक आपल्या बोर्डाच्या पानावर तपासलेल्या रॅमची यादी देतो, तिला क्यूव्हीएल म्हणतात. तिथे मालिकेचं नाव शोधून उपयोग नाही; पूर्ण मॉडेल क्रमांक शोधा. एएमडीच्या बोर्डांवर यादी प्रोसेसरच्या सांकेतिक नावांनुसार वेगवेगळी असते: व्हर्मिअर म्हणजे रायझन ५०००, राफाएल म्हणजे ७०००, ग्रॅनाइट रिज म्हणजे ९०००. आपल्या प्रोसेसरचीच यादी उघडा. मग तो रकाना बघा जिथे १, २, ४ असे आकडे किंवा खुणा असतात. किती स्टिक लावून चाचणी झाली ते तिथे असतं. चारच्या खाली खूण नसेल तर चार स्टिक त्या वेगावर चालतील असं गृहीत धरू नका.

यादीत नाव नाही म्हणजे रॅम चालणार नाही, असा अर्थ होत नाही. बोर्ड बाजारात आल्यावर या याद्या फारशा वाढत नाहीत. अशा वेळी रॅम बनवणाऱ्याच्या संकेतस्थळावरचं शोधयंत्र वापरा: बोर्डाचं मॉडेल टाकलं की ते चालणारी किट दाखवतं. दोन्ही याद्यांत नसलेलं किट घ्यायचंच असेल तर परत करण्याची सोय असलेल्या ठिकाणाहून घ्या.

याच वेळी उंचीही मोजा. मोठ्या टॉवर कूलरचा पंखा पहिल्या एक-दोन स्लॉटवर येतो. काहींखाली रॅमला ३२ मिलिमीटरच जागा उरते, आणि दिव्यांच्या हीटसिंकसह स्टिक ४० च्या पुढे जाते. पंखा वर सरकवता येतो, पण मग कॅबिनेटचं झाकण लागेल का, हे पाहावं लागतं.

लावणं आणि पहिला बूट

वायर काढा, मागच्या बाजूची पॉवर सप्लायची कळ बंद करा, कॅबिनेटच्या धातूला हात लावून अंगातली स्थिर वीज जाऊ द्या. चार स्लॉटच्या बोर्डावर दोन स्टिक प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये लावा. बोर्डावर त्यांची नावं ए२ आणि बी२ असतात. पहिल्या-तिसऱ्यात लावल्या तर मशिन सुरू होतं, पण तारांची मांडणी त्या टोकासाठी केलेली नसल्याने चढा वेग टिकत नाही. पहिल्या-दुसऱ्यात किंवा तिसऱ्या-चौथ्यात शेजारी-शेजारी लावल्या तर दोन्ही एकाच वाहिनीत जातात.

खाच जुळवून दोन्ही टोकांवर सारखा दाब द्या, खटका ऐकू येईपर्यंत. अनेक बोर्डांवर खटका एकाच बाजूला असतो. दुसरं टोक अर्धवट राहिलं तरी वरवर पाहता सगळं ठीक दिसतं. सोनेरी पिनांची रेष कुठे तिरकी दिसते का ते बाजूने, टॉर्च धरून पाहा.

डीडीआर५ चा पहिला बूट लांबतो, एएम५ वर तर फारच. कंट्रोलर प्रत्येक तारेचं वेळापत्रक जुळवत असतो, त्याला मेमरी ट्रेनिंग म्हणतात. पडदा काळा, बोर्डावरचा डीरॅम दिवा पेटलेला, पंखे फिरताहेत. हे बघून लोक मशिन बंद करतात आणि ट्रेनिंग पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. दहा मिनिटं हात लावू नका.

मशिन उठलं की आधी बायोस अद्ययावत करा, मगच प्रोफाइल चालू करा. एएम५ वर हे विशेष महत्त्वाचं. २०२३ मध्ये काही प्रोसेसर जळाल्यानंतर एएमडीने नव्या बायोसमधून एसओसी व्होल्टेज (मेमरी कंट्रोलरच्या भागाला मिळणारं व्होल्टेज) १.३ वर रोखलं, आणि त्याआधीची बायोस एक्स्पो चालू करताच त्याहून वर जाऊ शकत होती. काही बोर्ड एक्सएमपीला डीओसीपी म्हणतात, गोष्ट तीच.

तपासणी आणि बिघाड

विंडोज उघडली म्हणजे रॅम नीट आहे, असं नाही. पेनड्राइव्हवर मेमटेस्ट८६+ टाकून निदान चार फेऱ्या चालवा. रात्रभर चालू ठेवलेलं उत्तम. एकही चूक दिसली तर ती एक म्हणून सोडून देऊ नका. रॅमच्या चुका महिनोन्महिने कशाच्या तरी दुसऱ्याच वेषात येतात: झिप फाइल उघडत नाही, अपडेट अर्ध्यात तुटतं, ब्राउझर बंद पडतो, कधी निळा पडदा. लोक विंडोज पुन्हा टाकतात आणि मूळ कारण तसंच राहतं.

चूक आली तर प्रोफाइल बंद करून पुन्हा तपासा. तेव्हा शून्य चुका आल्या तर स्टिक बहुधा चांगल्या आहेत. वेग या प्रोसेसरला झेपत नाहीये. प्रोफाइल ठेवून वेग तेवढा एक-दोन पायऱ्या खाली आणा, ६००० चे ५८०० किंवा ५६००. प्रोफाइल बंद असतानाही चुका येत असतील तर एकेक स्टिक एकट्याने ए२ मध्ये लावून बघा. एकाच स्टिकवर चूक येत असेल तर स्टिक खराब. दोन्ही ए२ मध्ये नापास आणि दोन्ही बी२ मध्ये पास होत असतील तर स्लॉट किंवा सॉकेटमधली वाकलेली पिन शोधा. कूलर एका बाजूला जास्त आवळल्यानेही एक वाहिनी गायब होते.

प्रोफाइल चालू केल्यावर मशिन उठेनासंच झालं तर बोर्ड सहसा दोन-तीनदा प्रयत्न करून स्वतःच मूळ वेगावर येतो. नाहीच आला तर वायर काढा आणि सीमॉस (बायोसची साठवलेली सेटिंग) साफ करा: बोर्डावरच्या त्या नावाच्या दोन पिना स्क्रूड्रायव्हरने दहा सेकंद जोडून धरा, किंवा सीआर२०३२ ची बटण बॅटरी पाच मिनिटं काढून ठेवा. यानंतर बायोसमधली बाकी सेटिंगही जातात, हे लक्षात ठेवा.

जुन्या मशिनमध्ये भर घालताना नियम थोडे सैल आहेत. ८ च्या जोडीला १६ लावलीत तर दोन्हींतले ८-८ जीबी दोन वाहिन्यांनी चालतात आणि वरचे ८ एका वाहिनीने. वेगवेगळ्या वेगाच्या स्टिक संथ असलेलीच्या चालीने चालतात. ऑफिसच्या कामाला एवढं पुरतं. मात्र प्रोफाइलचा आग्रह तिथे सोडून द्या.

हमीत परत करायची वेळ आली तर एकच स्टिक खराब असली तरी सहसा पूर्ण किटच पाठवावं लागतं, कारण जोडी एकत्र तपासलेली असते. तेवढ्यासाठी मशिन अडू नये म्हणून एखादी जुनी स्टिक जवळ असू द्या, आणि लेबल फाडून हीटसिंक उघडून बघण्याचा मोह आवरा; लेबल गेलं की हमीही गेली.